मंगलताईंची नागलीची भाकरी

मंगलताईंना मारलं तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

ताई आमच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. मूळच्या सुरगाण्याकडच्या. डब्यात कायम नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी.
जेवायच्या मात्र भिंतीकडे तोंड करून.

नर्सिंग हॉस्टेलला मुली त्यांच्या काळ्या भाकरीला हसायच्या. तेव्हाची सवय.

मी निफाडची. पोळी-भाजीवाली. पहिल्यांदा भाकरी मागितली तर म्हणाल्या, "तुला नाही गं आवडायची."

आवडली. दिवस गेल्यावर तर मला तीच लागायची. ताई माझ्यासाठी एक जास्तीची आणायला लागल्या.

त्या दिवशी दोन सिस्टर रजेवर. दुपारचे अडीच झाले तरी आमचा चहासुद्धा झाला नव्हता.
"सहावा महिना लागलाय, उपाशी काय राहतेस?" म्हणत ताईंनी मला स्टाफरूममध्ये ओढत नेलं.

ताईंनी पहिला घास घेतला आणि बाहेर काच फुटली.

आयसीयूतला ॲक्सिडेंटचा पेशंट गेला होता. चौघं नातेवाईक आत घुसले.

"आमचा माणूस मेला अन् तुम्ही गिळताय?"

एकाच्या हातात सलाइनचा स्टँड. लोखंडी.

ताईंनी मला मागच्या स्टोअररूममध्ये ढकललं. बाहेरून कडी घातली.
"ती पोटुशी आहे. काय बोलायचं ते मला बोला."

बोललं कोणीच नाही.

पहिल्या फटक्याला ताई ओरडल्या. दुसऱ्याला "आई" म्हणाल्या.
नंतर फक्त लोखंडाचा आवाज. मी दारावर मुठी आपटत होते.

सिक्युरिटीने कडी काढली तेव्हा ताईंच्या कानातून रक्त येत होतं. फरशीवर भाकरीचा चुरा, त्यावर बुटांचे ठसे.

श्वास अडकू नये म्हणून त्यांच्या तोंडातला घास मी बोटाने काढला.

नऊ दिवस त्या आमच्याच आयसीयूत होत्या. नाकातल्या नळीतून फीड मीच द्यायचे.
दहाव्या दिवशी गेल्या.

गावाहून आलेल्या त्यांच्या आईने मला एकच विचारलं, "जेवली व्हती का माझी पोर?"

"हो," म्हणाले. खोटं बोलले.

मागच्या आठवड्यात त्या चौघांतल्या एकाची आई माझ्या घरी आली. साक्ष फिरव म्हणून पाया पडली. रडली. सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या.

मी तिला ताट वाढलं. ती जेवेपर्यंत समोर बसले.

मग म्हटलं, "मावशी, स्टँड कोणाच्या हातात होता ते मी पाहिलंय. सोमवारी कोर्टात तेच सांगणार."

ताई, माझी लेक आता रांगते.
आम्हा दोघींचा तुम्हाला नमस्कार.