‘सून’ म्हणजे किती दिवस?

त्या काळी आमच्याकडे इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. मी शिरूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीनच लागले होते. वर्गात मिसरूड फुटू लागलेली मुलं आणि मोजक्याच मुली. माझं लहानपण मिशनच्या आवारात गेलेलं, त्यामुळे इंग्रजी कानावरून गेलेलं होतं. पण हातात खडू घेऊन उभं राहिलं की कानावरचं काही कामाला येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

वेळ शिकवायला मला आवडायचं. पुठ्ठ्याचं घड्याळ करून काटे फिरवले की मुलं भराभर उत्तरं द्यायची. सव्वा, साडे, पावणे त्यांच्या तोंडात होतेच. त्यांना फक्त इंग्रजी टोपी घालायची. अडायचं ते घड्याळात न दिसणाऱ्या शब्दांपाशी. ‘परवा’साठी इंग्रजीत एकच शब्द नाही, म्हटल्यावर एक मुलगा माझ्याशी चक्क भांडला.

“म्हंजी बाई, ह्यांचा गेलेला परवा निराळा आन् येणारा निराळा?”

“निराळा.”

“मंग लई कठीण हाय त्यांचं,” तो म्हणाला आणि खाली बसला.

एके दिवशी मी फळ्यावर ‘सून’ हा शब्द लिहिला. सून म्हणजे लवकर. घरातल्या कुणाबद्दल तरी एकेक वाक्य करा, असं सांगितलं. दुसऱ्या बाकावरची एक उंच, सडपातळ मुलगी उभी राहिली. घोड नदीकाठच्या एका वस्तीवरून ती चालत यायची. तिनं जपून एकेक शब्द लावला, “माय मदर विल कम सून.”

मागून कोणीतरी ओरडलं, “हिची आई सून होऊन येनार!”

सगळा वर्ग खो-खो हसला. मुलगी बसली आणि तिनं बाकावर डोकं टेकलं. पोरगी लाजली असेल, असं मला वाटलं. पण मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले तरी ती उठेना. जवळ गेले तर बाक ओला झालेला.

“आई कुठं आहे गं तुझी?”

“दवाखान्यात. सोलापुराकडं. छातीचा रोग हाय.” मग तिनंच विचारलं, “बाई, सून म्हंजी किती दिवस?”

मी म्हटलं, “त्याला मोजमाप नाही. थोड्या काळानं, एवढंच.”

“दोन वर्सं झाली. आबा म्हणत्यात लवकर येईल, आत्या म्हणती लवकर येईल. दुसरा शब्द न्हाई का?”

“‘अर्ली’ आहे. ठरलेल्या वेळेच्या आधी.”

तिनं डोळे पुसले. “मला त्यो पायजे,” ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज एखादं वाक्य करून मला दाखवायची. गाय, विहीर, आत्या, सगळ्यांवर वाक्यं झाली. आईवर पुन्हा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिचे वडील शाळेत आले. हातात फेटा घेऊन दाराशीच उभे. “बाई, तिच्या आईला घरी सोडत्यात. मी आणाया चाललोय. पोरगी म्हणती दौंडापातुर येते. संगं बाईमाणूस आसलं तर...” मी हो म्हटलं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही दोघी दौंडला गेलो. आत्याची पाचवारी साडी ती पहिल्यांदाच नेसली होती आणि दर दहा पावलांनी निऱ्या सावरत होती. स्टेशनात इंजिनं पाणी पीत उभी होती, कोळशाची काळी पूड डोळ्यांत जात होती. गाडीला उशीर होता. तासभर ती बाकावर बसलीच नाही. रुळांच्या टोकाकडे बघत राहिली.

गाडी आली. आधी वडील उतरले, मग त्यांच्या हाताला धरून एक भरल्या अंगाची, गोरटेली बाई उतरली. मुलगी तिच्यावरून नजर फिरवून मागच्या दारात आईला शोधू लागली. तिच्या मनातली आई हाडांचा सापळा होऊन बैलगाडीत निजून गेली होती. दवाखान्यातल्या दूध-अंड्यांनी बाईचं अंग भरलं होतं.

आणि आईनं तरी लेकीला कुठं ओळखलं? ती परकरातली पोर ठेवून गेली होती. साडीतल्या त्या उंच मुलीपुढे येऊन तिनं हात जोडले.

“तुम्हीच का शाळंच्या बाई? लई उपकार झाले तुमचे. आमची पोरगी कुठं हाय?”

वडील हसायला लागले आणि हसता हसता फेट्याच्या शेवानं डोळे टिपायला लागले. तेव्हा मुलगी म्हणाली, “आये, मीच की.”

आईनं तिच्या चेहऱ्याकडे हात नेला आणि तसाच मागं घेतला. पदर तोंडावर ओढून म्हणाली, “लांब ऱ्हा गं. डाक्टर बरी झालीस म्हणत्यात, तरी पन लांब ऱ्हा.”

मुलीनं ऐकलं नाही. परतीच्या एस.टी.त ती आईला खेटून बसली. मी मागच्या बाकावर होते. गाय कधी व्याली, आत्या कुणाशी भांडली, लिंब कुठल्या पावसात पडला, सगळं ती सांगत होती आणि आई मध्ये मध्ये विचारायची, “आन् मी तवा कुठं व्हते?” “तू तवा दवाखान्यात व्हतीस.” “हां. मंग फुडं?” शिरूर आलं तरी दोन वर्षं संपली नव्हती. वडिलांनी गाडी जुंपून आणली तेव्हा आई माझ्याकडे वळून “बाई, घरला या,” एवढंच म्हणाली.

सोमवारी मुलगी आली नाही. मंगळवारी आली ती दोन घट्ट वेण्या घालून, कपाळापर्यंत तेल आलेलं. इतक्या घट्ट, की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. आजवर ती स्वतःच कशीबशी एक वेणी घालायची. मी फळ्याकडे वळले, वारांची नावं लिहिली आणि मागं बघते तो पोरगी बाकावर हात दुमडून गाढ झोपलेली. शेजारची तिला उठवणार, तेवढ्यात मी खुणेनं नको म्हटलं, आणि बाकीच्यांना वार पाठ करायला लावले, जरा हळू आवाजात.