अण्णांची बुलेट आणि चुकीची किक

डोळे अधू झाले म्हणून डॉक्टरांनी अण्णांना गाडी बंद केली. त्यांच्या मुलीने, यशोधरेने, बुलेटची किल्ली लपवली. शिक्षा मात्र डॉक्टरांना न होता तिला झाली, अण्णा तिच्याशी बोलेनासे झाले. मीठ हवं असलं तरी नातीमार्फत मागत.

वर्षभर पडून गाडी बंद पडली, तेव्हा ती आपणच चालू करायची असं यशोधरेने ठरवलं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून तिने कार्बोरेटर धुतला, उल्हासनगरहून नवा प्लग आणला आणि रविवारी हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या इमारतीखाली किकवर किक मारत सुटली. गाडी ढिम्म.

शेवटी तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला, "अगं, लाथा काय मारतेस? गाढव आहे का ते?"

अण्णा काठी टेकत बाहेर आले. तिची बोटं धरून त्यांनी हँडलजवळचा बारका लिव्हर दाबला. "हा दाबून किक हळू खाली ने. मीटरचा काटा मधे आला? आता लिव्हर सोड आणि मार."

एका किकेत बुलेट धडधडली.

पुढच्या रविवारी यशोधरेला सगळं पाठ होतं. तरी लिव्हरला हात न लावता तिने दोन किका हाणल्या आणि कान देऊन थांबली.

आधी काठी वाजली, मग अण्णा.

"विसरलीस ना? सरक."