सातबाऱ्यावर न लागलेलं नाव

वडील गेले तेव्हा वारस म्हणून मी तलाठ्याला माझं एकट्याचं नाव सांगितलं. धाकटी बहीण जतला दिलेली. बहिणींनी साडीचोळी घ्यायची आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही द्यायची, ही आमच्या कोरेगावकडची रीत. सही मागायला गेलो आणि ती नाही म्हणाली तर? म्हणून मला बहीण आहे हेच मी सांगितलं नाही.

पुढे सातबारे संगणकावर चढले. चुका राहू नयेत म्हणून गावाला चावडीवर बोलावून एकेकाचा उतारा मोठ्याने वाचला गेला. बहीण सणाला आली होती, तीही येऊन बसली. माझा उतारा वाचून झाल्यावर तलाठी म्हणाले, "कुणाची हरकत?" तिने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. संगणकाला दोष नाही. माझं खोटं त्याने काना-मात्रा न चुकवता उतरवून घेतलं.

यंदा मिरजेला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात उशाशी बहीणच होती. घरी आलो आणि तिचं नाव लावायचा अर्ज केला.

आताच्या तलाठीबाई तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "आजोबा, या तुमच्या सख्ख्या बहीण, याला पुरावा काय?"

"आवं बाई, नाक बघा की दोघांचं," बहीण म्हणाली. "असलं नाक तालुक्यात तिसरं गावायचं न्हाई."

अर्जाला नाक जोडता येत नव्हतं. तिच्या शाळेचा दाखला काढून आणला. मग माझ्या जबाबाची पाळी आली. तेव्हा नाव का दिलं नाही?

"अनवधानाने, असं टाकते. सगळे तेच लिहितात," बाई म्हणाल्या.

"टाका की," बहीण म्हणाली. "दादा लय इसराळू. म्हशींच्या आज्या-पणज्या तेवढ्या ध्यानात ऱ्हात्यात."

मी म्हणालो, "म्हायती असून सांगितलं न्हाई, असं लिवा."

बाईंची बोटं थांबली. "आजोबा, असं कुणी लिहून देत नाही. उद्या कुणी जाब विचारला तर?"

"तर दीन की जाब."

त्यांनी तसंच टाईप करून कागद काढला. मी पेन उघडलं, तोवर बहिणीने तो माझ्यापुढून ओढून घेतला. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"हां," म्हणाली. "आता कर सही."