सरांचे दहा चक्कर

अमरावतीच्या कॉलेजच्या मैदानाशेजारी माझी चहाची टपरी आहे. फुटबॉलचे सर रोज मैदानाकडे पाठ करून माझ्या बाकावर बसत. पोरं झाडाखाली मोबाइल पाहत. उशिरा आलेल्याला मात्र सर बसल्या जागेवरून दहा चक्कर मारायला लावत.

"प्रॅक्टिस काहून घेत नाई, सर?"

"मावशी, मागच्या साली कप आणला ना आपण!"

यंदा अकोल्याच्या पोरांनी सात गोल चढवले. दुसऱ्या दिवशी सर बाकावर बसलेच नाहीत. "चूक माही हाये," असं पोरांना म्हणाले आणि पोट सांभाळत स्वतःच धावत सुटले. पोरं नाचत, शिट्ट्या मारत मोजत होती. मीही गाळणी हलवत ओरडत होते.

आठव्या चक्कराला ते टपरीशी थांबले.

"मावशी, चहा द्या, मरून राहिलो!"

"दोन बाकी हायेत," म्हणत मी चहावर झाकण ठेवलं.