चाकावरचं कुंकू

कृष्णविवर दिसत नाही. त्यात पडणारा वायू मात्र आत जाण्याआधी इतका तापतो, की त्यातून क्ष-किरण निघतात. ते मोजले की तिथं काय चाललंय याचा अंदाज येतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात मी यावर पीएच.डी. करत होते. नातेवाइकांना वाटायचं, मी हाडांचे एक्स-रे काढते. समजावणं मी कधीच सोडून दिलं होतं.

माझ्या वाट्याला एक रेडिओ दीर्घिका आली होती. तिच्या दोन्ही अंगांना रेडिओ लहरींचे अफाट ढग पसरलेले. पण ढग म्हणजे मधल्या कृष्णविवराची जुनी कमाई. ते आजही खातंय की केव्हाच उपाशी पडलंय, हे क्ष-किरणच सांगणार होते. ते टिपणारा परदेशी उपग्रह तोवर बंद पडला होता. त्यानं टिपलेलं चुंबकीय फितीवर होतं, आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी खटपटी करून एक प्रत मागवली होती. ती वाचायला मुंबईच्या संगणकावर आमची पाळी दिवाळीआधी लागली होती. तेव्हा काही हाती लागलं तरच शिष्यवृत्ती वाढणार, नाहीतर संपलं.

विभागातल्या कपाटाला वाळवी लागली म्हणून फीत मी घरी आणली. आम्ही नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे भाड्यानं राहायचो. बाबा त्याच गोदामात वजनकाट्यावर होते. ट्रकच्या धुळीमुळे घरात भांडीसुद्धा पालथी ठेवावी लागत. मी फितीचा डबा आईच्या लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या घडीत ठेवला आणि तिला बजावलं, "आई, हे माह्यं हत्यार आहे. याच्यावरच माह्यं सारं आहे. कोणाले हात लावू देऊ नको."

तिनं कोणाला हात लावू दिला नाही.

दसऱ्याला सकाळीच मी सरांकडे गेले होते. परत आले तर पाटावर बाबांची वजनं, आईची कात्री, विळी आणि डब्यातून काढलेलं माझं फितीचं चाक. आईनं त्यावर पाणी शिंपडलं होतं, कडेनं हळद-कुंकवाची बोटं ओढली होती. अक्षता वेढ्यांत शिरल्या होत्या. वर झेंडूचं फूल.

"काहून वं, अशी काहून पाहून राहिली?" आई म्हणाली. "साऱ्याइच्या हत्याराले कुंकू लागलं. तुह्यं काय तसंच ठेवू?"

मला भयंकर राग आला. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून तो आणखीच वाढला. मी मऊ फडकं घेऊन पुसत बसले. जितकं पुसावं तितकं कुंकू आत जाई.

मुंबईला फीत जरा फिरली आणि अडली. यंत्र सांभाळणाऱ्या माणसानं ती उतरवून माझ्या हातात दिली. "पूजा केली की काय हिची?" तो हसत म्हणाला. मी ती डब्यात घालून झाकण लावलं.

दुसरी प्रत मागवली. ती बोटीनं येईपर्यंत शिष्यवृत्ती संपली होती, आणि त्याच दीर्घिकेवर परदेशातल्या कोणाचा तरी शोधनिबंध छापून आला होता. मधलं कृष्णविवर जवळजवळ उपाशी निघालं. विभागाच्या वाचनालयात मी तो निबंध उभ्या उभ्या वाचला. काम चोख होतं. मला तिथंच रडू आलं.

मग मी एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. फितीचं काय झालं ते आईला सांगितलं नाही. तिनं जन्मभर मनाला लावून घेतलं असतं, आणि माझी दीर्घिका काही परत आली नसती.

पुढच्या दसऱ्याला तिनं आपणहून डबा काढला. शेजारीण बसली होती, तिला कौतुकानं सांगू लागली, "मांगच्या दसऱ्याले याची पूजा केली, अन् पाहा, पोरीले पक्की नोकरी लागली." मग कुंकवाची वाटी माझ्यापुढे केली. "या खेपेले तूच लाव वं."

मी लावलं. भरपूर लावलं. आता त्यात जपण्यासारखं काही उरलं नव्हतं.