गळके सर

गळके हे त्यांचं आडनाव नव्हतं. नाशिकच्या आर्किटेक्चर कॉलेजात पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येकाला ते आडनावच वाटायचं, कारण सगळे त्यांना गळके सरच म्हणत. हे नाव त्यांच्या एका सवयीवरून पडलं होतं. बाकीचे आर्किटेक्ट विद्यार्थ्यांना आपली उत्तम इमारत दाखवतात. आमचे सर दर पावसाळ्यात नव्या वर्गाला घोटीजवळच्या एका शाळेत न्यायचे आणि आपण बांधलेली सगळ्यात वाईट इमारत दाखवायचे. छत जिथे गळतं, तिथे बरोबर खाली आम्हाला उभं करायचे आणि डोक्यावर थेंब पडायला लागले की बोलायला सुरुवात करायचे, "ही चूक माझी. आता तुमची कुठली होणार, ते बघू."

ही शाळा त्यांनी तरुणपणी बांधली होती. अहमदाबादेत एका मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली शिकून ते नुकतेच नाशिकला आले होते. डोक्यात सपाट छतं, उघडं काँक्रीट आणि सरळ रेषा. गावातली उतरत्या छपरांची घरं त्यांना जुनाट वाटली. जागा बघायला गेले ते जानेवारीत, आकाशात ढगाचा ठिपका नसताना. "मला घोटीचा पाऊस दिसत नव्हता, पोरांनो. मला मासिकातला फोटो दिसत होता." फोटो छापूनही आला. पहिल्याच पावसाळ्यात शाळा गळली. डांबर ओतून झालं, वॉटरप्रूफिंग करून झालं. एकीकडे बुजवलं की पाणी दुसरीकडून यायचं.

तिथे पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशी सरांना चांगल्या ओळखायच्या. आमची बस थांबली की पदराने हात पुसत त्या बाहेर यायच्या.

"आले का सर गळती बघाया? यंदा जागा बदललीय बरं का. चौथीत नाय, पाचवीत लय गळतंय."

"मग पाचवीत जातो."

"जा की. पण जाताना हे पातेलं घेऊन जा. येताना भरलेलं आणा म्हंजे झालं!"

सर आमच्याकडे वळून म्हणायचे, "ऐका. माझ्या कामाची इतकी खरी समीक्षा कुणी केली नाही." आणि पातेलं उचलून पाचवीच्या वर्गाकडे चालू लागायचे.

चूक कबूल केली म्हणून त्यांनी आपला मार्ग सोडला असं मात्र नाही. नुसती शोभा त्यांना चालायची नाही. "भिंतीला दागिने घालू नका, तिला काम द्या," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या मालकाला किल्ल्यासारखे बुरूज हवे होते. सरांनी शांतपणे विचारलं, "आणि तोफा कुठे ठेवणार?" काम गेलं. बुरूज दुसऱ्या कुणीतरी बांधून दिले. त्यांच्यासमोर लोक आज सेल्फी काढतात.

घोटीच्या शाळेनंतर सरांनी एक नियम केला. ज्या जागेवर बांधायचं, तिथला एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघितल्याशिवाय कागदावर रेघ मारायची नाही. या नियमापायी त्यांच्या हातून कितीतरी कामं गेली. पण त्याच नियमातून पेठ रोडचं मुलींचं वसतिगृह उभं राहिलं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या आदिवासी मुली तिथे राहत. आधी त्या एका जुन्या गोदामात होत्या. सर वर्षभर त्या गोदामात जाऊन बसले. ओले कपडे कुठे वाळवता, पत्र्याची पेटी कुठे ठेवता, रडू आलं की कुठे जाता, हे विचारत राहिले. मुली जमिनीवर बसून अभ्यास करतात हे बघून त्यांनी खिडक्या खाली घेतल्या, बसलेल्या मुलीच्या डोळ्यांना झाड दिसेल इतक्या. विटांची जाळी, शहाबादी फरशी, रुंद व्हरांडा, त्याला मांडी घालून बसता येईल असा कट्टा. या वेळी छप्पर उतरतं होतं, पण नक्कल कशाचीच नव्हती. मे महिन्यात भर दुपारी तिथे पंख्याशिवाय झोप लागायची. मी लावून बघितली आहे.

हे वसतिगृह पाडायचं ते चालवणाऱ्या संस्थेने ठरवलं. रस्ता रुंद झाला होता, जागेला भाव आला होता. खाली दुकानं, वर काचेचं ऑफिस. मुलींचं काय, तर 'पर्यायी व्यवस्था'. या दोन शब्दांत गरिबाला कुठेही कोंबता येतं.

आमच्या घरात सणावाराच्या आधी मोर्चाची तारीख माहीत असायची. वडिलांच्या पिशवीत भाजीखाली पत्रकं असत. तेव्हा मी काय केलं असेल ते उघड आहे: पत्रक लिहिलं. 'थेंबभरही न गळणारी इमारत पाडता कशासाठी?' असा मथळा दिला आणि छापण्याआधी सरांना दाखवला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून 'थेंबभरही' वर काट मारली.

"सर, काय करताय?"

"न्हाणीघराचा कोपरा एका वर्षी ओलावला होता. मग आपण तो दुरुस्त केला."

"हे कुणाला माहितीय?"

"मला. आणि तिथे अंघोळ करणाऱ्या मुलींना."

"सर, त्यांच्याकडे बुलडोझर आहे!"

"म्हणून आपण खोटं पत्रक काढून खरी इमारत वाचवायची का?"

त्या वर्षी सगळ्यांनीच त्यांना विनवलं, की संस्थेच्या सभेत शेवटचा निर्णय लागेपर्यंत घोटीची सहल नको. लोक बोट ठेवायला टपलेत. सर मला म्हणाले, "अगं, पहिल्या वर्षाची मुलं पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाला जातील. त्यांना कोण दाखवणार?" आणि बस घोटीला गेली.

संस्थेच्या सभेला मुली पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आमच्या अंदाजाप्रमाणेच झालं. अध्यक्ष हसत उठले. "इमारतीचं एवढं कौतुक चाललंय, पण दरवर्षी बस भरून मुलं नेऊन सर स्वतःच सांगतात ना, माझी इमारत गळते म्हणून?"

सर उभे राहिले. "घोटीची गळते. ही गळत नाही. न्हाणीघराचा कोपरा एकदा ओलावला होता, तो दुरुस्त केला."

"बघा!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलं."

सभागृह हसलं. शिकलेसवरलेले, टाय लावलेले लोक हसले. त्यांच्यात आमच्या कॉलेजचे दोन प्राध्यापकही होते. एका माणसाच्या प्रामाणिकपणाचं हत्यार करून त्यालाच मारलं, आणि लोकांना तो विनोद वाटला. माझा राग त्या अध्यक्षांवर कमी आहे. ते धंदा करत होते. माझा राग त्या हसण्यावर आहे.

वसतिगृह पडलं. जाळीच्या विटा ट्रॅक्टरमधून भरावाला गेल्या. मुली पत्र्याच्या खोल्यांत गेल्या. काही पाड्यावर परतल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. काचेची इमारत उभी राहिली. दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या जिन्याजवळ निळी बादली दिसली. मी वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "गळतंय, पण बोलायचं नाय, मॅडम." या शहरात गळत कुणाचं नाही? नाव मात्र ज्याने सांगितलं त्याचंच पडलं.

सर त्यानंतर पेठ रोडने गेले नाहीत. कुठेही जायचं असो, त्या रस्त्याला वळसाच घालायचे. शिकवणं सोडलं नाही, घोटीही सोडली नाही. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेत संस्थेच्या त्याच अध्यक्षांनी त्यांना 'पारदर्शक व्यक्तिमत्त्व' म्हटलं. मी मधेच उठून बाहेर आले.

या पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी घोटीला गेले. मी कॉलेजात आठवड्यातून दोन तास शिकवते, एवढाच माझा अधिकार. मावशी पातेलं घेऊन बाहेर आल्या, बसमधून शेवटचा उतरेपर्यंत बघत राहिल्या.

"सर नाय आले?"

"गेले, मावशी. उन्हाळ्यात."

त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाचवीतच गळतंय अजून."

मी मुलांना उभं केलं. थेंब पडायला लागले. म्हटलं, "ही चूक आमच्या सरांची. त्यांनी ती कधी लपवली नाही."

एक मुलगी केस झटकत म्हणाली, "मॅडम, वाईट बघितली. आता त्यांची चांगली दाखवा ना."

"पेठ रोडला होती."

"होती म्हणजे?"

मी पातेलं थेंबाखाली सरकवलं, त्यांना खाली बसायला सांगितलं, आणि पाडणाऱ्यांच्या नावांपासून सुरुवात केली.