दाढेपायी बैल

दात उपटायला जाणाऱ्या माणसाने सोबत बैल नेऊ नये. अमरावतीच्या जर्राहाने मला बाकी सगळं समजावून सांगितलं, एवढं एकच सांगायचं त्याचं राहून गेलं.

त्या सालात वऱ्हाडच्या कापसाला अशी तेजी होती, की आमच्या भातकुलीतली माणसं घरातली गादीसुद्धा उसवून पाहायची! अशा ऐन हंगामात माझी दाढ ठणकू लागली. शेजारी म्हणाला लवंग धर, धरली. मामा म्हणाले हिंग भर, भरला. वाटेवरच्या एका अनोळखी माणसाने तंबाखूची गोळी पुढे केली, तीही दाबली. (मला कोणालाही 'नाही' म्हणणं जमत नसे. माझी बायको सखू म्हणायची, दाढेचं काय घेऊन बसलात, खरा आजार हाच आहे.) शेवटी गाल असा फुगला की पोरं मला बघायला अंगणात जमू लागली.

"कापसाची गाडी अमरावतीले जाऊनच राहिली ना?" सखू म्हणाली. "मंग ते दाढही घाला तिच्यात. मी येतो संगं, नाहीतर तिथं कोनी म्हनलं तर सगळे दात काढून याल!"

कापूसबाजारात निंबाखाली एक म्हातारे जर्राहचाचा बसत. जखमा बांधणं, गळू फोडणं, दात उपटणं, सगळं तेच करीत. त्यांच्या चिंधीवरची हत्यारं पाहून भीती वाटण्याऐवजी माझी जिज्ञासाच चाळवली.

"कोनती दुखते?"

"हे. नाहीतर ते."

"बेटा, बोट ठिवून नीट सांगा. चुकीची उपटली तर परत लावता येत नाई मले. पोटात काई हाय?"

"भाकर अन् ठेचा."

"अच्छा केलं. उपाशी मानूस भोवळ येऊन पडते. याच्या आधी कधी जखम झाली तं रगत थांबे का नाई?"

"थांबे. चाचा, दाढेले मुळं किती असतात?"

"दोन. कधी तीन."

"सरळ का वाकडे?"

"निंगाल्यावर पाहू!"

"अन् खड्डा राहते का? त्याच्यात भाकर गेली तं?"

"मियाँ," चाचा हातातला चिमटा खाली ठेवत म्हणाले, "तुमी दाढ काढाले आले का माझा धंदा शिकाले?"

मग त्यांनी पुढचे नियम सांगितले. दाढ निघाली की खड्ड्यावर कापसाचा बोळा दाबून धरायचा. तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, थुंकायचं नाही. दिवसभर चूळ नाही, चिलीम नाही. "तोंड उघडलं की रगत सुरू. मंग मले नका बोलू!"

सखूने गाडीतून मूठभर कापूस ओढला, तेव्हा भोवतीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून कळवळून 'अरारा' निघालं. (माझ्यासाठी नव्हे, कापसासाठी!)

"सरकी काढा त्यातली, बाई," चाचा ओरडले, "नाहीतर शेजारची दाढही जाईन! अन् याचा हात धरा कोनीतरी."

सखूच्या हातात बैलांचे कासरे होते. तेवढ्यात बैलांचा दलाल झिंगाजी पुढे झाला. हा माणूस हंगामभर आमच्या हरण्या बैलामागे लागला होता. हरण्याची माय तो जन्मताच मेली, तेव्हा सखूने त्याला शिंपल्याने दूध पाजून वाढवलेलं. त्याला विकायचं नावही ती काढू देत नसे.

"मी धरतो जी," झिंगाजी म्हणाला आणि ऊन लागू नये म्हणून (किती हा कनवाळूपणा!) हातांवर आपला रुमाल टाकला. आधाराला म्हणून त्याने हात पुढे केला, पण माझ्या मुठीत दिलं बोट एकच! चाचांनी दाढ हलवली, पिळली, ओढली आणि मी सगळा जीव एकवटून ते बोट दाबलं.

"झाला सौदा!" झिंगाजी गरजला. "हरण्या, एका बोटात!"

बैलांचा भाव आमच्याकडे रुमालाखाली बोटं दाबूनच ठरतो. जितकी बोटं दाबावीत तितका भाव. एका बोटात बैल सोडा, बरी बकरी येत नाही!

"दाढ दुखली म्हनून दाबलं त्यानं!" सखू किंचाळली.

"रुमालाची घडी होईपर्यंत सौदा मोडता येते, पन ज्यानं बोट दाबलं त्यानंच आपल्या तोंडानं 'नाई' म्हनाले पाह्यजे. म्हना म्हनावं!" आणि झिंगाजी सावकाश घडी घालू लागला.

तोपर्यंत दाढ निघून माझ्या तोंडात बोळा बसला होता.

"बोला ना हो!"

"खबरदार तोंड उघडलं तं!" चाचा.

मी दोन्ही हात हलवले. झिंगाजी म्हणाला, "पाहा, खुशीत हाय गडी!" त्याने हरण्याच्या कासऱ्याला हात घातला. सखूने कासरा सोडला नाही, पण तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते मला सोसवेना. रक्ताचं पाहू मग!

"नाईईई!"

बोळा सुटला तो थेट झिंगाजीच्या पांढऱ्याशुभ्र बंडीवर! त्याने छातीवरचं रक्त पाहिलं, ते आपलंच समजला आणि डोळे फिरवून जमिनीवर बसला. जमलेले लोक ओरडले, "नाई म्हनलं! सौदा तुटला!" चाचांनी एका हाताने त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि दुसऱ्याने माझ्या तोंडात नवा बोळा कोंबला. वर शिव्या दोघांना सारख्याच दिल्या.

परतताना मी रिकाम्या गाडीत पडलो होतो. दाढेची जागा ठणकत होती, पण हरण्या पुढे चालत होता आणि मला फार फार बरं वाटत होतं. गाडी हाकता हाकता सखू वळून कौतुकाने माझ्याकडे बघत होती.

"लग्न झाल्यापासून चारचौघांत पयल्यांदा 'नाई' म्हनाले तुमी," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आनखी किती दाढा उरल्या हायेत हो?"

मी बोळा अधिकच घट्ट दाबून धरला.